एका लेन्सवर भागवायचं

"रिंग फिरवून बघ," शौकत म्हणाला.

मी फिरवली. रस्त्यापलीकडची केळ्यांची गाडी एकदम अंगावर आली, इतकी की केळीवाल्याच्या कानातली बाळी दिसली. परत फिरवली तर गाडी, केळीवाला, मागची बँक, सिग्नलला उभ्या रिक्षा, सगळा चौक आत बसला.

"काय दिसतंय?"

"केळी," मी म्हणालो.

"नीट सांग की."

"नीटच सांगतोय. हवं तर तू बघ. लेन्स तुझी, फिरायला जाणार तू, आणि दुकानाच्या पायरीवर उभं राहून केळी बघायची मी."

"माझा चष्मा घरी राहिला," शौकत म्हणाला, आणि काउंटरजवळच्या स्टुलावर जाऊन बसला.

पुण्यातलं ते कॅमेऱ्याचं दुकान लेलेबाईंचं. साठीच्या बाई, चष्म्याला साखळी, बोलणं तोडून. काउंटरवर त्यांनी तीन लेन्सा मांडल्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. फलटणहून पहाटेची एसटी पकडून आलेले दोन पन्नाशीतले बाप्ये, एकाचं कंबर धरून चालणं, दुसऱ्याचं काउंटरवर हात ठेवून चाचपणं. आमच्याकडं बघून कुणी म्हटलं नसतं की निम्म्या फलटण तालुक्याच्या लग्नाचे आल्बम आम्ही केलेत म्हणून.

पण केले होते. एसटी स्टँडच्या मागं आमचा 'संगम फोटो स्टुडिओ'. शौकत आतार आणि जालिंदर नाळे, दोघांची भागीदारी. काम वाटून घेतलेलं. मी पुढं, भटजींच्या खांद्याला खांदा लावून, वाइड लेन्स घेऊन: मांडव, माणसं, व्याही, मामा, सगळं आत. शौकत मागं, शेवटच्या खांबाजवळ खुर्चीवर चढून, लांबची टेली घेऊन: नवरीचे डोळे, आईनं पदरानं पुसलेलं नाक, असलं. मंगलाष्टकं त्याला भटजींपेक्षा पाठ. शेवटचं संपत आलं की तो मागून डावा हात वर करायचा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात बघायचो आणि तयार व्हायचो. अंतरपाट खाली आला आणि आमचं बोट हललं नाही असं कधी झालं नाही.

तो मांडवात म्हणायचा, "एवढी लग्नं लावली जालू, पण अक्षता टाकायला काही मिळाल्या नाहीत." दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले. अक्षता आमच्या हातावर कुणी ठेवायचंच नाही.

आणि आता त्याला एकच लेन्स हवी होती. वाइडपण तीच, टेलीपण तीच. प्रवासालाही चालेल, रोजच्यालाही चालेल.

मला विचाराल तर त्या दिवशी मला नुसतं झोपायचं होतं. लग्नसराई नुकतीच संपलेली, कमरेत कायमची कळ, आणि मनात एक गोष्ट खिळ्यासारखी रुतलेली. एक लेन्स दोघांचं काम करणार असेल, तर दोघांपैकी एकाचं काय? शौकत धंदा सोडून चाललाय हे मला दिसत होतं. दोन महिने तो स्टुडिओत येऊन नुसता बसायचा, नाहीतर यायचाच नाही. काम आलं की म्हणायचा, तू कर. थोरला पोरगा नाशकात, तिकडं बोलावतोय असं त्याच्या बायकोकडून, नसीमभाभींकडून कळलं होतं. हा मात्र तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मी विचारलं की म्हणायचा, विजापूरला जायचंय.

"नसीमला गोल घुमट दाखवायचाय. लग्न झाल्यापासून म्हणतेय."

"मग दाखव. त्याला लेन्स कशाला लागते? मोबाइलवर काढ."

"फोटोग्राफर आहे मी," तो म्हणायचा. "वाटेत एका लेन्सवर भागलं पाहिजे. घुमटपण आत बसला पाहिजे आणि घुमटावरचं पाखरूपण."

खरी गोष्ट बरड गावच्या लग्नात सुरू झाली होती. भर मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना, शौकतनं टेली लेन्स काढली. मी पुढून बघितलं आणि माझा विश्वास बसेना. ज्या माणसानं मला पहिल्याच लग्नात दम भरला होता की आभाळ कोसळलं तरी अक्षता पडत असताना लेन्स काढायची नाही, तोच खुर्चीवर उभा राहून उघडा कॅमेरा काखेत धरून रुमालानं लेन्स पुसत होता. सावधान झालं, चहूकडून अक्षता उडाल्या, आणि एक पिवळा दाणा सरळ कॅमेऱ्याच्या पोटात. नंतर त्यानं बटण दाबलं आणि शटर गेलं. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीच्या तोंडाचा एकही फोटो नव्हता. पुढून मी घेतलेला होता, त्यात भटजींची टोपी.

"लेन्सला फंगस आलाय," तो म्हणाला. "धूर दिसतो आतून."

दमट हवेत काचेवर बुरशी धरते, होतं असं. कॅमेरा दुरुस्त झाला, लेन्स पुण्याच्या मेकॅनिककडं जाऊन आली. पण तेव्हापासून त्यानं ती कपाटातून बाहेर काढली नाही.

"ही पहिली," लेलेबाई म्हणाल्या, "अठरा ते तीनशे मिलिमीटर. सगळ्यात लांब जाते. पण हे बघा, आधीच सांगते, लांबच्या टोकाला जरा मऊ, पुसट फोटो येतो. नंतर येऊन तक्रार चालणार नाही."

शौकतनं ती हातात घेतली. डोळ्याला लावलीच नाही. मांडीवर धरली, डोळे मिटले आणि रिंग फिरवली. परत दिली.

"ही चोवीस ते एकशे पाच. काच उत्तम. पण तुम्हाला पाखरू पाहिजे म्हणताय, तर पाखराला पुरायची नाही."

तीही तशीच. डोळे मिटून, रिंग फिरवून, परत.

"साहेब, तुम्ही लेन्स घेताय की खरबूज?" बाई म्हणाल्या.

मला हसू आलं. शौकतलाही आलं. कितीतरी दिवसांनी तो हसलेला बघितला.

"तिसरीची रिंग कुठं फिरवली की जवळ येतं?" त्यानं विचारलं.

"उजवीकडे."

"ती द्या."

तिसरी चोवीस ते दोनशे. तिच्याशी तो जास्त वेळ बसला. वजन बघितलं, कॅमेऱ्याला लावायला सांगितलं, पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. म्हणाला, चालून दाखव. लेलेबाईंच्या दुकानात मी नवरीसारखा दोन फेऱ्या चाललो.

"मानेला ओढ बसते?"

"तुझ्या मानेचं बघ ना."

"बसते का सांग."

"नाही बसत. हलकी आहे. पण शौकत, हिचा उजेड बघितलास का? लांब गेली की अंधारते. संध्याकाळचं काही निघायचं नाही."

"मांडवात आता सगळीकडं एलईडी असतात," तो म्हणाला. "उजेडाला काय तोटा?"

"मांडवात कशाला? तू विजापूरला चाललायस."

त्यानं काउंटरची कड चाचपली. मग म्हणाला, "तेच. तिकडंपण ऊन असतं." मी इतका दमलेलो होतो की ते तसंच जाऊ दिलं.

पायरीवर जाऊन मी पुन्हा केळीवाला घेतला, एकदा चौकासकट, एकदा बाळीसकट, आणि स्क्रीनवर शौकतला दाखवला. त्यानं मान तिरकी केली, कोंबडी दाण्याकडं बघते तशी एका बाजूनं बघितलं, आणि म्हणाला, "छान आलाय." चौकाचा फोटो समोर होता की बाळीचा हे त्याला कळलं नाही असं मला वाटलं. मला वाटलं, याला आता कशातच रस उरला नाही.

"पण ती जास्त लांबची पहिली का नको?" मी विचारलं.

"नको."

"कारण तरी सांग."

"हीच बरी आहे, जालू. वाद घालू नको. मला बसवत नाही."

लेलेबाईंनी खोकं बांधलं. निघताना म्हणाल्या, "विजापूरला जाऊन या. आणि पुढच्या वेळी चष्मा घेऊन या."

स्वारगेटला गाडी लगेच मिळाली. खिडकीची जागा शौकतनं मला दिली. हडपसर मागं पडलं, दिवे घाट चढायला लागलो, आणि मला राहवेना. मी खोकं उघडलं. नवीन लेन्स हातात घेतली की माणूस कितीही थकला तरी थोडा लहान पोर होतो. कॅमेऱ्याला लावली, खालचं खोरं बघितलं, वळणावरचा ट्रक बघितला. माझं बोट रिंगवर आपोआप फिरत होतं. शोधायला लागत नव्हतं.

"घे, बघ," म्हणत मी कॅमेरा शौकतच्या हातात दिला.

त्यानं डोळ्याला लावला आणि रिंग डावीकडं फिरवली. ती अडली. परत डावीकडं, परत अडली. मग आठवल्यासारखी उजवीकडं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या दोघांच्या लेन्सा पहिल्यापासून वेगवेगळ्या कंपनीच्या. माझी उजवीकडं फिरवली की जवळ यायची, त्याची डावीकडं. चुकून एकमेकांचे कॅमेरे उचलले की आम्ही नवशिक्यांसारखे गोंधळायचो आणि लग्नघरात एकमेकांना शिव्या द्यायचो. एवढ्या वर्षांची सवय. ती झोपेतही बदलत नाही.

"अरे, ही तुझ्या हाताला उलटी आहे," मी म्हणालो. "बाईंनी सांगितलं होतं की उजवीकडं. तूच विचारलंस. सासवडला उतरू, परतीची गाडी पकडू, आजच्या आज बदलून देतील."

"राहू दे."

"राहू दे काय? पाखरू उडून जाईपर्यंत तू रिंगच शोधत बसशील."

"राहू दे म्हटलं ना."

तो माझ्याकडं बघत नव्हता. समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत होता. मी कॅमेरा परत घेतला. पण आता खिळा आणखी आत गेला. लेन्स त्याच्या हाताला उलटी आणि माझ्या हाताला सुलटी होती. त्यानं डोळे मिटून शोधली ती ही होती.

सासवडला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, चहा घ्या. आम्ही खाली उतरलो. उतरताना शौकतनं पायरी पायानं चाचपली, आणि ते मी पहिल्यांदा नीट बघितलं. टपरीच्या बाकावर बसलो. चहा आला. त्यानं ग्लासाकडं हात नेला तो ग्लासाच्या शेजारी टेकला.

"शौकत," मी म्हणालो, "फंगस होता का लेन्समध्ये?"

त्यानं आधी ग्लास चाचपून धरला.

"मेकॅनिकनं लेन्स पोचली त्याच दिवशी फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाला, चाचा, काच आरशासारखी आहे, काय साफ करू? काच साफ आहे आणि मला धूर दिसतोय. मग धूर कुठं असणार?"

"डॉक्टर?"

"साताऱ्याला झाले, पुण्याला झाले. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला. सुया टोचल्या, लेझर मारलं. उजवा तर गेलाच. डाव्याला कडेचं दिसतं, मधलं नाही. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडं बघावं लागतं."

"आणि हे मला आत्ता सांगतोस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे? तुझं काम मी केलं असतं."

"तेच तर," तो म्हणाला. "माझी टेली गळ्यात घातली असतीस, तुझी वाइड खांद्याला लावली असतीस, आणि मांडवात इकडून तिकडं पळाला असतास. कंबर सरळ होत नाही तुझी. एका सराईत अंथरूण धरलं असतंस. आणि घाईत कधीतरी अक्षतांत लेन्स काढली असतीस, माझ्यासारखी. म्हणून म्हटलं, काढायलाच लागू नये अशी एकच घेऊ."

मला राग आला. खरं सांगतो, आधी रागच आला. त्याच्यावर, लेलेबाईंवर, टपरीवाल्यावर, कुणावरही. मी भरलेला ग्लास बाकावर आपटला आणि चहा माझ्याच मांडीवर सांडला.

"मला नको ती लेन्स," मी म्हणालो. "एकट्याला जमायचं नाही मला. आणि मला करायचंही नाही. मी थकलोय शौकत. तुला काय वाटतं, मला हौस आहे? दर लग्नाला उठताना कंबर धरून रडू येतं. मीच सोडणार होतो. तुझ्यासाठी थांबलो होतो. तू अधूनमधून येतोस म्हणून मी रोज येतो. आता स्टुडिओला कुलूप लावू आणि दोघंही घरी बसू."

कंडक्टरनं एकदा बेल वाजवली. माणसं चढायला लागली.

"थकलायस," शौकत म्हणाला, "पण तुला दिसतंय."

त्यानं ते भांडायला म्हटलं नव्हतं. साखर कमी पडली असं सांगावं तसं म्हटलं. मी खिशातून रुमाल काढून मांडी पुसत राहिलो.

"आणि विजापूर?" शेवटी मी विचारलं. "तेपण खोटंच?"

"जाणार आहे की. नसीमला सांगितलंय, पुढच्या महिन्यात. घुमट बघायला कुणाला हवाय? ऐकायचीच तर गोष्ट आहे ती. म्हणे आत उभं राहून हळू बोललं की समोरच्या भिंतीवर ऐकू येतं." तो उठला आणि माझा दंड धरला. "चल. मला चढव."

नीरेच्या पुढं तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसलो आणि नको नको म्हणता रिंग फिरवत राहिलो. जवळ, लांब, जवळ, लांब. फलटण येईपर्यंत मला रडायचं होतं, पण गाडी भरलेली होती.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. कुलूप लावायचं मी आणखी दोन वेळा ठरवलं. पण तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले आणि साखरवाडीचं पहिलं काम आलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं तर शेजारी बसलेल्या शौकतनं हो म्हणून टाकलं.

मांडवाच्या दारात मी एकटाच गेलो. गळ्यात एक कॅमेरा, त्याला ती एक लेन्स. खांदा इतका मोकळा की काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटत होतं. शौकत मागून आला, नसीमभाभींचा हात धरून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पाव्हण्यासारखा. शेवटच्या खांबाकडं त्याचे पाय सवयीनं वळले, मग थांबले. तो पुढं आला आणि माझ्या पाठीमागं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला.

भटजींनी सुरुवात केली. मी सगळा मांडव आत घेतला, मामा, करवल्या, वर लटकणारी कागदी झुंबरं. मागच्या खांबाकडं नजर गेली. तिथं कुणी हात वर करणार नव्हतं. शेवटचं मंगलाष्टक कुठलं आणि अंतरपाट कधी पडणार हे मी जन्मभर त्या हातावर सोडलं होतं. मला मंगलाष्टकं पाठ नव्हती. एवढ्या लग्नांनंतर, एकही नाही. आजही नवरीचं तोंड जाणार, असं मला स्वच्छ दिसलं.

मग कमरेच्या वर, दुखतं त्या जागेच्या जरा बाजूला, कुणीतरी बोट टेकवलं.

मी रिंग उजवीकडं फिरवली. मांडव सरकला, भटजी सरकले, आणि नवरीचे डोळे समोर आले. बोट माझ्या पाठीवर तसंच होतं. मी श्वास धरला. पाठीवरचं बोट उचललं गेलं, अंतरपाट खाली आला, आणि मी बटण दाबलं.

चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. सगळ्यांच्या नवरानवरीवर पडल्या. एक मूठ मात्र मागून आली, ती माझ्या मानेवर, कॉलरमध्ये, कॅमेऱ्यावर. मी वळून बघितलं. शौकत खुर्चीतून अर्धवट उठलेला, हात अजून पुढं, मूठ उघडी, तळहाताला हळद. माझ्या कानाकडं बघत होता.

"पडल्या का?" त्यानं विचारलं.

"पडल्या," मी म्हणालो.

दोन दाणे लेन्सच्या रिंगवर बसले होते. मी फुंकर मारली नाही. अजून सगळा मांडव घ्यायचा होता, आणि लेन्स काढायची नव्हती.